प्रवाळभित्तीवरचा काटेरी गडी

मृगाच्या सरी बरसून आठ-दहा दिवस झाले की मोरीमागची फरशी हिरवी आणि घसरडी होते. कोणी बी टाकलेलं नसतं, खत घातलेलं नसतं. ऊन, ओल आणि बूड टेकायला थोडी जागा, एवढ्यावर शेवाळाचं भागतं. या हिशोबाने उष्ण कटिबंधातली प्रवाळभित्ती शेवाळाने गच्च भरलेली असायला हवी. तिथे पाणी उथळ आणि नितळ, तळापर्यंत लख्ख ऊन, बारा महिने ऊब आणि चिकटायला चुनखडीचा हवा तेवढा खडक. तरी निरोगी भित्तीवर शेवाळ जवळपास दिसत नाही. दिसतात ती प्रवाळं आणि त्यांच्या अधेमध्ये स्वच्छ, गुलाबीसर दगड.

हे शेवाळ जातं कुठे? त्या पाण्यात पोषक द्रव्यं कमी असतात, हे नेहमीचं उत्तर. ते खोटं नाही, पण पुरत नाही. भित्तीच्या एखाद्या तुकड्यावर जाळीचा पिंजरा घातला तर काही आठवड्यांत पिंजऱ्याखालच्या दगडावर शेवाळाची दाट लव चढते. बाहेर वीतभर अंतरावरचा दगड मात्र होता तसाच राहतो. हा प्रयोग अनेक समुद्रांत अनेकांनी करून पाहिला आहे. पाणी तेच, ऊन तेच, पोषक द्रव्यंही तीच; फक्त आत खाणाऱ्यांना शिरता येत नाही. म्हणजे शेवाळ तिथे उगवतं, चांगलं जोमाने उगवतं, पण डोकं वर काढायच्या आत कोणीतरी ते फस्त करतं.

हे खाणारे मुख्यतः दोन प्रकारचे. दिवसा पॅरटफिश, सर्जनफिश यांसारखे मासे चरतात. अंधार पडला की सागरी अर्चिन कपारींतून बाहेर येतात. मासे रंगीबेरंगी, त्यांचे फोटो निघतात. अर्चिन मात्र पोहणाऱ्यांच्या तळपायात काटा मोडून ठेवतो आणि शिव्या खातो. कॅरिबियन समुद्रात त्याचं मोल लोकांना कळलं ते १९८३ साली, तो घाऊक मेला तेव्हा.

काट्यांच्या आत

कोकणात खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी कपारींत साचलेल्या पाण्यात काळसर-जांभळे काटेरी गोळे चिकटलेले दिसतात. ते अर्चिनच. तारामाशांचे हे भाऊबंद; दोघांचीही गणना कंटकचर्मी प्राण्यांत होते. डोकं नाही, मेंदू नाही. चुन्याच्या तबकड्या सांधून झालेलं गोल कवच, त्यावर हलते काटे, आणि काट्यांच्या मधून बाहेर येणारे शेकडो बारीक, मऊ पाय. हे पाय आतून पाण्याच्या दाबावर चालतात आणि टोकाला चिकटतात. त्यांच्याच जोरावर हा प्राणी उभ्या कातळावर, लाटांच्या माऱ्यात, अगदी उलटा लटकूनही फिरतो.

आपल्या गोष्टीतला नायक आहे कॅरिबियनमधला लांब काट्यांचा काळा अर्चिन, शास्त्रीय नाव डायडेमा अँटिलारम. याचे काटे वीतभर लांब होऊ शकतात, पोकळ आणि ठिसूळ असतात, आणि शिरले की आतच मोडतात. त्याला आपल्यासारखे डोळे नाहीत; पण त्याच्या जवळून हात नुसता फिरवा, स्पर्शही करू नका. हाताची सावली जिकडे पडेल तिकडचे काटे झटकन वळून हाताच्या दिशेने रोखले जातात. सावली सरकवली की रोखही सरकतो. या प्राण्याची त्वचाच प्रकाश ओळखते. या काट्यांच्या रानात छोटे मासे, कोळंबीसारखे जीव आणि अर्चिनची स्वतःची पिल्लंही आसरा घेतात.

तोंड असतं खालच्या बाजूला, थेट दगडावर टेकलेलं. तोंडात पाच दात, आणि ते हलवणारा हाडांसारख्या तुकड्यांचा नि स्नायूंचा एक गुंतागुंतीचा सांगाडा. ॲरिस्टॉटलने त्याचं वर्णन कंदिलाच्या उपमेने केलं, म्हणून आजही प्राणिशास्त्रात त्याला ‘ॲरिस्टॉटलचा कंदील’ म्हणतात. दात चुन्याचेच, आणि घासायचा तो दगडही चुन्याचाच. मग दात बोथट कसे होत नाहीत? तर दात मुळाशी जन्मभर वाढत राहतात, आणि त्यांच्या थरांमध्ये ठरावीक ठिकाणी कमकुवत जागा असतात. टोक झिजलं की त्या जागेवरून कपचा उडतो आणि खाली नवी धार तयार असते. दगडावर घासणं हेच त्याचं धार लावणं.

खुरपणी

भाताची लावणी झाल्यावर पहिले काही आठवडे रोपांच्या जिवावर उठतं ते तण. रोप सावकाश वाढतं, तण झपाट्याने. त्या काळात कोणी वाकून खुरपणी केली नाही, तर पुढे कितीही पाऊस पडो, पीक हातचं जातं. प्रवाळभित्तीवर हेच चालू असतं, फक्त तिथे लावणीचा हंगाम संपत नाही.

प्रवाळ हा प्राणी आहे. त्याची अळी काही दिवस पाण्यात तरंगते, मग तळाशी येऊन जागा शोधते. तिला आवडतो तो स्वच्छ दगड, विशेषतः ज्यावर गुलाबी रंगाचा, दगडासारखाच कडक असा शैवालाचा पातळ थर आहे असा. (हेही शैवालच; पण हे खडकाला लिंपून बसतं आणि प्रवाळाच्या अळ्यांना चक्क बोलावतं.) अळी बसली की तिचं झालेलं प्रवाळ एखाद्या मिलिमीटरचं असतं. गोलसर, भरीव प्रवाळांच्या कित्येक जाती वर्षाला सेंटिमीटरभर वाढतात. शेवाळाला तेवढं वाढायला काही दिवस पुरतात. ते प्रवाळाच्या अंगावर सावली धरतं, त्याच्या तंतूंत गाळ अडकून बसतो, आणि त्यातून पाझरणाऱ्या साखरेवर जिवाणू माजतात. मोठं प्रवाळ हे काही काळ सोसतं. मिलिमीटरभराचं सोसत नाही. अळीला बसायला मोकळा दगडच मिळाला नाही, तर पुढचा प्रश्नच मिटला.

अर्चिन इथे खुरपं घेऊन उभा असतो. सर्जनफिशसारखे मासे शेवाळाचे शेंडे तोडून पुढे जातात. अर्चिन संथ सरकत जातो आणि बुडापासून घासतो, शेवाळाबरोबर दगडाची भुकटीही पोटात घेतो. म्हणूनच त्याच्या विष्ठेत चुन्याची बारीक वाळू असते.

त्याची भूक किती, याचा पुरावा कॅरिबियनमधल्या सेंट क्रॉय बेटाच्या उथळ पाण्यात वरूनही दिसत असे. तिथे समुद्री गवताच्या कुरणात प्रवाळांचे सुटे ढिगारे आहेत, आणि प्रत्येक ढिगाऱ्याभोवती काही मीटर रुंदीचं उघड्या वाळूचं कडं होतं. १९७३ साली जॉन ऑग्डेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे कडं कोणाचं काम ते दाखवून दिलं. डायडेमा दिवसभर ढिगाऱ्याच्या फटींत बसत, रात्री गवतावर चरायला निघत आणि पहाटेपूर्वी परतत. एका रात्रीत जाऊन-येऊन होईल तिथवर गवत साफ, त्यापलीकडे दाट. त्याच बेटाजवळ एका ढिगाऱ्यावरचे सगळे डायडेमा उचलून दुसरीकडे नेले, तेव्हा त्यावर शेवाळ माजलं.

मात्र खुरपं चालवणारे हात फार झाले तर रोपंही उपटली जातात. जमैकाच्या डिस्कव्हरी बे इथे पॉल समार्को यांनी अर्चिनची संख्या कमी-जास्त ठेवून पाहिलं. अर्चिन अजिबात नसले तर शेवाळाने जागा अडवली आणि नवी प्रवाळं बसली नाहीत. अर्चिन खूप असले तर शेवाळ गेलंच, पण नुकती बसलेली प्रवाळंही त्याच घासात गेली. सगळ्यात बरं निघालं ते मधल्या संख्येला. माझ्या मते अर्चिनविषयीचं सगळ्यात महत्त्वाचं निरीक्षण हेच आहे. अर्चिन उपकारक की उपद्रवी, असं विचारण्यात अर्थ नाही. किती आहेत आणि त्यांच्या जोडीला दुसरं कोण आहे, ते विचारायला हवं.

इथे एक अडचण येते. एरवी कुरण संपलं की चरणारे उपाशी मरतात आणि कुरण पुन्हा वाढतं. डायडेमा मरत नाही, आक्रसतो. सेंट जॉन बेटावर डॉन लेव्हिटन यांनी दाखवलं की अन्न कमी पडलं की हा प्राणी चक्क लहान होतो, कवचासकट. कंदील मात्र त्या मानाने मोठा राहतो. त्यामुळे उपासमारीतही संख्या फारशी घटत नाही आणि खरवडणं चालूच राहतं. संख्येवर लगाम ठेवायला बाहेरचाच कोणी लागतो: अर्चिन उलटवून त्याचं पोट फोडणारा ट्रिगरफिश, शेवंड, मोठे शंख.

जमैकात काय झालं

जमैकाच्या उत्तर किनाऱ्याला लागून अरुंद प्रवाळभित्ती आहे आणि मासळी हे तिथल्या लोकांचं रोजचं अन्न. तारेच्या जाळीचे सापळे तळाशी लावायचे आणि जे सापडेल ते घ्यायचं, ही तिथली रीत. टेरेन्स ह्यूज यांनी नोंदल्याप्रमाणे १९६०च्या दशकाअखेरीस या किनाऱ्यावरची मासळी ८० टक्क्यांपर्यंत घटली होती. गेलेल्या माशांत पॅरटफिश होते, म्हणजे शेवाळातले वाटेकरी. आणि ट्रिगरफिशही होते, म्हणजे अर्चिनचे वैरी. डायडेमाला दोन्हीकडून मोकळं रान मिळालं. उथळ पाण्यात चौरस मीटरला दहाच्या आसपास अर्चिन, इतकी त्यांची गर्दी झाली.

गंमत अशी, की भित्तीकडे पाहून हे काही कळत नव्हतं. प्रवाळ भरपूर, शेवाळ नगण्य. दोन टोळ्यांचं काम एक टोळी ओढत होती आणि काम होत होतं, तेव्हा कोणाला काळजी वाटावी? ऑगस्ट १९८० मध्ये ‘ॲलन’ चक्रीवादळाने भित्ती झोडपून काढली. मोकळ्या झालेल्या दगडावर काही महिने शेवाळ आलं, पण अर्चिननी ते निस्तरलं आणि नवी प्रवाळं बसायला लागली.

जानेवारी १९८३ मध्ये पनामा कालव्याच्या कॅरिबियन तोंडाशी डायडेमा मरताना दिसू लागले. पनामातल्या स्मिथसोनियन संस्थेचे हॅरिस लेसिओस यांनी या साथीचा माग ठेवला. लक्षणं सगळीकडे सारखी होती. एरवी चकचकीत असलेल्या काट्यांवर गाळ बसायला लागतो, कारण काट्यांवरची त्वचा मरून झडू लागलेली असते. मऊ पायांची पकड सुटते. प्राणी भरदिवसा उघड्यावर येतो, काटे गळायला लागतात, आणि एरवी वाटेला न जाणारे मासेही येऊन त्याचे लचके तोडतात. काही दिवसांत तळावर पांढरं कवच तेवढं उरतं. साथ समुद्रप्रवाहांबरोबर पसरली आणि १३ महिन्यांत जवळपास सगळा कॅरिबियन तिने पालथा घातला. जिथे जिथे मोजणी झाली तिथे ९३ टक्क्यांहून अधिक डायडेमा मेले होते. शेजारी बसलेल्या दुसऱ्या जातींच्या अर्चिनना मात्र धक्का लागला नाही.

ज्या बेटांवर पॅरटफिश शाबूत होते तिथे माशांनी थोडीफार बाजू सांभाळली. जमैकात सांभाळायला कोणी उरलंच नव्हतं.

| चौकट: जमैकाचा किनारा, दोन मोजण्या |
|---|
| टेरेन्स ह्यूज यांनी १९९४ साली ‘सायन्स’ नियतकालिकात जमैकाच्या ३०० किलोमीटरहून लांब किनाऱ्याची स्थिती मांडली. |
| जिवंत प्रवाळाने व्यापलेला तळ: १९७७ साली ५२ टक्के, १९९३ साली ३ टक्के |
| मोठ्या शेवाळाने व्यापलेला तळ: १९७७ साली ४ टक्के, १९९३ साली ९२ टक्के |
| मधल्या काळात: ॲलन वादळ (१९८०), अर्चिनची साथ (१९८३), गिल्बर्ट वादळ (१९८८), प्रवाळांचे रोग, आणि त्याआधीपासून चाललेली बेसुमार मासेमारी |

या आकड्यांत वादळांचा वाटा आहे, रोगांचाही आहे. पण वादळं कॅरिबियनला नवी नाहीत. हजारो वर्षं भित्ती मोडत आल्या आणि पुन्हा उभ्या राहत आल्या. ॲलननंतर नवी प्रवाळं बसली होती, गिल्बर्टनंतर बसली नाहीत. मधे खुरपणारा गेला होता.

एकेकट्यांची पंचाईत

डायडेमाची मादी एका वेळी लाखो अंडी सोडते. मग उरलेल्या मूठभरांनी दोन-चार वर्षांत समुद्र पुन्हा का भरून काढला नाही?

कारण अंडी आणि शुक्राणू दोन्ही उघड्या पाण्यात सोडले जातात आणि तिथेच त्यांची गाठ पडावी लागते. नर आणि मादी हातभर अंतरावर असतील तर ती पडते. दहा-वीस मीटरचं अंतर असेल तर शुक्राणू पाण्यात इतके विरळ होतात की बहुतेक अंडी फुकट जातात. संख्या घटली की नुसती पिल्लं कमी होतात असं नाही, प्रत्येक मादीमागेही पिल्लं कमी होतात. त्यातून जी अळी जगते ती काही आठवडे प्रवाहाबरोबर भटकते आणि शेवटी तळाशी येते तेव्हा दगडावर शेवाळ माजलेलं असतं. लपायला मोठ्यांचे काटेही नसतात. अर्चिन नाहीत म्हणून शेवाळ, आणि शेवाळ आहे म्हणून अर्चिन नाहीत, अशा फेऱ्यात भित्ती अडकते. साथीनंतर ३० वर्षांनी लेसिओस यांनी आढावा घेतला तेव्हा डायडेमाची संख्या पूर्वीच्या सुमारे १२ टक्क्यांवर पोचली होती.

काही ठिकाणी मात्र फेरा सुटला. डिस्कव्हरी बेच्या उथळ भागात १९९०च्या दशकाअखेरीस डायडेमाचे पट्टे पुन्हा दिसू लागले. पीटर एडमंड्स आणि रॉबर्ट कार्पेंटर यांनी २००१ साली मांडलेल्या मोजणीत या पट्ट्यांत मोठं शेवाळ जवळपास नव्हतं आणि लहान प्रवाळांची संख्या शेजारच्या शेवाळी पट्ट्याच्या कितीतरी पट होती.

उलटा मामला

हे वाचून अर्चिनची पैदास करून सगळीकडे सोडावी असं कोणाला वाटलं, तर त्याने आधी केनियाचा किनारा बघावा. तिथे टिम मॅकक्लानहन यांनी अनेक वर्षं केलेल्या अभ्यासात मासेमारी चालणाऱ्या भित्तींवर अर्चिनची बेसुमार गर्दी आढळली. मालिंदी आणि वाटामूच्या संरक्षित सागरी उद्यानांत ते मोजकेच होते. उद्यानांत ट्रिगरफिश होते, बाहेर ते सापळ्यांत आणि जाळ्यांत संपले होते. गर्दीच्या जागी अर्चिन शेवाळ संपवून थांबत नाहीत, दगडच कोरत राहतात. प्रवाळं वर्षाला जितका चुना रचतात त्याहून जास्त कोरला गेला की भित्ती आतून पोखरत जाते आणि खचते. गॅलापागोस बेटांवर १९८२-८३च्या एल निनोत बहुतेक सगळं प्रवाळ मेलं. नंतर पेन्सिलीसारख्या जाड काट्यांच्या अर्चिननी त्या मेलेल्या भित्तींचा अक्षरशः चुरा केला.

जपून केलेला प्रयोग हवा असेल तर हवाईचा आहे. ओआहू बेटाच्या कानेओहे खाडीत १९७०च्या दशकात बाहेरून आणलेलं कॅपाफायकस जातीचं शैवाल रान माजल्यासारखं पसरलं. (याच शैवालापासून आइस्क्रीम-टूथपेस्टला घट्टपणा आणणारा कॅराजिनन मिळतो. आपल्याकडे मन्नारच्या आखातात कुरुसडई बेटाजवळच्या प्रवाळांवरही ते चढलं आहे.) हवाईत आधी पाणबुडे ते हातांनी उपटून तराफ्यावरच्या पंपाच्या नळीत घालतात. मग होनोलुलूच्या उबवणी केंद्रात वाढवलेले, नाण्याएवढे झालेले स्थानिक जातीचे अर्चिन त्या जागी सोडले जातात. २०११ पासून असे लाखो अर्चिन सोडले गेले. नुसतं उपटलं तर शैवाल परत येतं. राखण करायला अर्चिन ठेवले की फारसं येत नाही. हे अर्चिन त्याच समुद्रातले आहेत आणि त्यांचे शत्रूही तिथेच आहेत, म्हणून हे जमतं.

दुसरी साथ

जानेवारी २०२२ मध्ये सेंट थॉमस बेटाच्या बंदरात डायडेमा पुन्हा मरायला लागले. तोच गाळ बसलेला काटा, तीच सुटलेली पकड. १९८३ साली कारण सापडलं नव्हतं. या वेळी शास्त्रज्ञांनी धावपळ करून आजारी आणि निरोगी अर्चिनचे नमुने गोळा केले, आणि एप्रिल २०२३ मध्ये माया ब्राइटबार्ट, इयन ह्यूसन आणि सहकाऱ्यांनी गुन्हेगाराचं नाव जाहीर केलं. तो विषाणू नव्हता, जिवाणूही नव्हता. अंगावर बारीक केसांसारखे तंतू असलेला, त्यांनी पाण्यात पोहणारा एकपेशीय जीव होता. प्रयोगशाळेत वाढवलेल्या निरोगी अर्चिनच्या टाकीत तो सोडल्यावर त्यांच्यातही तीच लक्षणं दिसली आणि आजारी पडलेल्या अर्चिनच्या अंगात तोच जीव पुन्हा सापडला. त्यावर औषध नाही. आणि असतं तरी समुद्राला ते पाजणार कसं?

साथ कॅरिबियनपुरती राहिली नाही. भूमध्य समुद्राच्या पूर्व भागात, मग तांबड्या समुद्रात डायडेमा सेटोसम ही दुसरी जात मरू लागली. तेल अवीव विद्यापीठाचे ओमरी ब्रॉनस्टाइन यांच्या चमूने अकाबाच्या आखातात एलातजवळ पाहिलं, की हजारोंच्या वस्त्या अवघ्या दोन दिवसांत सांगाड्यांवर आल्या. या आखातातली प्रवाळं उष्णता सोसण्यात जगात नावाजलेली. पाणी तापलं तरी ती लवकर पांढरी पडत नाहीत. पण उष्णता सोसण्याचा शेवाळाविरुद्ध काही उपयोग नाही. एलातच्या शास्त्रज्ञांनी निरोगी अर्चिन समुद्रापासून अलग ठेवून त्यांची पैदास करावी अशी मागणी केली आहे. २०२३ साली साथ हिंदी महासागरात रियुनियन बेटापर्यंत आली.

डायडेमा सेटोसम आपल्याकडे अंदमान-लक्षद्वीपच्या भित्तींवरही राहतो. लक्षद्वीपची एक जमेची बाजू आहे. तिथले कोळी अनेक दशकं गळाने खुल्या समुद्रातला ट्यूना धरत आले. भित्तीवरच्या माशांकडे त्यांनी फारसं पाहिलं नाही, त्यामुळे पॅरटफिश आणि सर्जनफिश तिथे अजून थव्यांनी आहेत. १९९८च्या उष्णतेच्या लाटेत तिथलं पुष्कळ प्रवाळ मेलं. तरी मेलेल्या सांगाड्यांवर शेवाळाने कायमचं ठाण मांडलं नाही, याचं श्रेय अभ्यासक या माशांना देतात. अलीकडे भित्तीवरच्या या माशांनाही बाजारात मागणी येऊ लागली आहे.